पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन : राजदूत ३५० वरचे सात महिने

माझी राजदूत ३५० ही मोटारसायकल १९८४ ची, म्हणजे एस्कॉर्ट्सने हे मॉडेल बाजारात आणल्यानंतर वर्षभराने निघालेली, आणि ‘एचटी’ (हाय टॉर्क) प्रकारातली आहे. तिच्या ३४७ सीसीच्या जुळ्या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरसाठी पॉइंटचा, म्हणजे उघडून ठिणगी पाडणाऱ्या यांत्रिक संपर्काचा, स्वतंत्र जोड असतो. पॉइंटची टाच झिजली की गॅप कमी होतो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे पडते. शिवाय दोन्ही बाजू सारख्या झिजत नसल्यामुळे दर दीड-दोन महिन्यांनी डायल गेज (पिस्टनची जागा मोजणारे मापक) घेऊन बसावे लागे. त्याला कंटाळून मी स्थिर टायमिंगचा इलेक्ट्रॉनिक संच बसवला.

पहिली चूक माझी. संचाच्या प्लेटवर कोरलेल्या टायमिंगच्या खुणेवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला. खंबाटकीच्या चढणीवर पूर्ण थ्रॉटल देताच डाव्या सिलिंडरातून लाह्या फुटाव्यात तसा आवाज येऊ लागला. गाडी तत्काळ थांबवली, म्हणून पिस्टन वाचला. प्लग काढला तर त्याची चिनी माती अति उष्णतेने पांढरीफटक आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचे बारीक चंदेरी ठिपके. घरी पिस्टन टीडीसीच्या (पिस्टनच्या सर्वांत वरच्या बिंदूच्या) आधी २.० मिमीवर आणून रोटरवर, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या भागावर, नवी खूण केली. स्ट्रोब लाइटखाली (ठिणगीबरोबर लखलखणाऱ्या दिव्याखाली) ठिणगी त्या खुणेच्या बरीच आधी पडताना दिसली. संचासोबतच्या कागदात याविषयी चकार शब्द नाही.

टायमिंग जागेवर आल्यावरच कार्बोरेटरला हात लावला, कारण उलट क्रमाने केल्यास जेटच्या (इंधन मोजून सोडणाऱ्या छिद्राच्या) माथी टायमिंगचा दोष मारला जातो. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला त्याच हवेसाठी अधिक इंधन लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण मुळातच पातळ, म्हणजे कमी इंधनाचे, होत होते. मेन जेट दोन टप्पे मोठा घातला, इंधन वाढावे म्हणून कार्बोरेटरच्या निडलची (सुईची) क्लिप एक खाच खाली सरकवली आणि चौथ्या गियरमध्ये भरधाव असताना क्लच दाबून इंजिन बंद करत प्लग तपासत गेलो. तिसऱ्या खेपेला खारकेसारखा तपकिरी रंग आला.

सात महिन्यांत टायमिंग तसूभरही हललेले नाही आणि थंड इंजिन दुसऱ्या किकला सुरू होते. बॅटरी उतरली असेल तर मात्र हा संच पॉइंटपेक्षा लवकर हात टेकतो. महाबळेश्वरला विरळ हवेत हेच सेटिंग जड पडते, म्हणजे इंधन जास्त होते, म्हणून टूलबॉक्समध्ये जुने जेट ठेवले आहेत. दोन दिवसांच्या मुक्कामासाठी ते बदलायचा कंटाळा मी अजून तरी केलाच आहे.