कॅनेडियन की अमेरिकन? दोन लिटरच्या मर्यादेत व्हिस्की निवडताना

परदेशातून भारतात येताना माणशी दोन लिटर दारू ड्युटी न भरता आणता येते. त्यामुळे टोरंटोहून किंवा न्यू जर्सीहून कोणी निघालं की आधी फोन येतो, "येताना काय आणू?" आपण सवयीने एखाद्या स्कॉचचं नाव सांगतो, जी आपल्याकडच्या कुठल्याही बऱ्या वाइन शॉपमध्ये मिळते. माणूस उत्तर अमेरिकेतून येतोय, तर तिथलीच व्हिस्की मागवावी. मग प्रश्न उरतो तो एवढाच: अमेरिकेची, मुख्यतः केंटकी राज्यात बनणारी बर्बन व्हिस्की की कॅनडाची व्हिस्की?

माझं उत्तर तुम्ही ग्लासात आणखी काय ओतता त्यावर ठरतं. नुसती किंवा दोन थेंब पाणी घालून पिणार असाल तर बर्बन. सोडा किंवा जिंजर एल (आल्याच्या चवीचा गोड सोडा) घालून गप्पा मारत बसणार असाल तर कॅनेडियन. आणि राय नावाच्या धान्याची व्हिस्की चाखायची असेल, तर मी सरळ कॅनडाकडे बोट दाखवीन. यावर अमेरिकेतले मित्र भांडायला उठतात, उठू देत.

चव ठरते कुठे

बर्बनचा कायदा कडक आहे. धान्यात किमान ५१ टक्के मका, पिंप नव्या ओकचं आणि आतून जाळलेलं, पिंपात भरताना दारूची तीव्रता ६२.५ टक्क्यांच्या वर नाही, बाटलीत ४० टक्क्यांच्या खाली नाही. पाण्याशिवाय वरून काहीही घालायचं नाही, रंगसुद्धा नाही. बाटलीवर 'स्ट्रेट' लिहायचं तर किमान दोन वर्षं पिंपात, आणि चार वर्षांपेक्षा कमी असेल तर वय छापणं सक्तीचं. केंटकीतच बनली पाहिजे असा मात्र नियम नाही. अमेरिकेत कुठेही बनवा, चालते. १९६४ साली अमेरिकन काँग्रेसने ठराव करून बर्बनला देशाचं खास उत्पादन म्हणून मान्यता दिली.

कॅनडाचा कायदा याच्या पुढे ढिला वाटतो. अमुकच धान्य हवं अशी अट नाही. व्हिस्की कॅनडातच गाळलेली आणि जास्तीत जास्त ७०० लिटरच्या लाकडी पिंपात किमान तीन वर्षं मुरलेली हवी, बस्स. पिंप जुनं चालतं, रंगासाठी कॅरमेल चालतं. शिवाय ९.०९ टक्क्यांपर्यंत दुसरी मुरवलेली दारू किंवा वाइन मिसळायला मुभा आहे. बर्बनवाले याच नियमावरून कॅनेडियन व्हिस्कीची टिंगल करतात.

खरा फरक कामाच्या पद्धतीत आहे. बर्बन खिचडीसारखी बनते आणि कॅनेडियन वरण-भातासारखी. बर्बनमध्ये मका, राय किंवा गहू आणि मोड आलेलं बार्ली एकाच भांड्यात शिजतं, एकत्र आंबतं, एकत्र गाळलं जातं. कॅनडात बहुतेक ठिकाणी प्रत्येक धान्य वेगळं आंबवतात, वेगळं गाळतात, वेगळ्या पिंपांत मुरवतात आणि शेवटी एकत्र कालवतात. त्यातला मोठा भाग असतो मक्याची 'बेस' व्हिस्की. ती ९४ टक्क्यांच्या आसपास गाळतात, त्यामुळे ती हलकी निघते. तिला चव देते ती कमी तीव्रतेला गाळलेली, बहुतेकदा रायची, थोडी व्हिस्की. म्हणून अमेरिकेत डिस्टिलरचं, म्हणजे गाळणाऱ्याचं नाव मोठं आणि कॅनडात ब्लेंडरचं, म्हणजे कालवणाऱ्याचं.

दुसरा फरक पिंपाचा. बर्बनला दर वेळी नवं पिंप लागतं, म्हणजे एकदा वापरलेली पिंपं विकावीच लागतात. ती जातात स्कॉटलंडला, कॅनडाला आणि आपल्या गोव्यालासुद्धा. तिथली पॉल जॉन सिंगल माल्ट बर्बनच्याच रिकाम्या पिंपांत मुरते. नव्या, जळक्या ओकमधून व्हॅनिला, खोबरं, करपलेली साखर आणि लाकडाचा थोडा तुरटपणा भराभर उतरतो. केंटकीच्या उन्हाळ्यात गोदामाच्या वरच्या मजल्यावर तर फारच भराभर. म्हणून सहा-आठ वर्षांची बर्बन पूर्ण मुरलेली लागते आणि पंधराच्या पुढच्या कित्येक बर्बन मला लाकूड चघळल्यासारख्या कडू वाटतात. जुन्या पिंपात हे सावकाश होतं, त्यामुळे कॅनेडियन व्हिस्कीला म्हातारपण मानवतं. जे. पी. वायझर्स १८ वर्षांची बाटली ज्या दराने मिळते, त्या दरात तेवढ्या वयाची बर्बन शोधून दाखवावी. वयाचा आकडा बघून दोघींची तुलना करणं मात्र व्यर्थ. कॅनडाच्या बारा वर्षांत लाकडाने जेवढं दिलेलं असतं, तेवढं केंटकीत पाचेक वर्षांतच मिळून गेलेलं असतं.

रंगाचंही तेच. बर्बनचा तांबूस रंग फक्त लाकडाचा असतो. कॅनेडियनमध्ये कॅरमेल असू शकतं, त्यामुळे गडद दिसली म्हणून भारी समजू नये.

शेजारी शेजारी ठेवून

बहुतेक लोक तुलना करतात ती अन्यायाची. एका बाजूला ४० टक्क्यांची, कोकमध्ये घालायला बनवलेली स्वस्त कॅनेडियन आणि दुसऱ्या बाजूला ५०.५ टक्क्यांची वाइल्ड टर्की १०१. मग निकाल काय लागणार? तीव्रता जास्त म्हणजे चव जास्त, एवढंच जीभ सांगते. आपल्या जिभेला आणखी एक सवय आहे. भारतातल्या नेहमीच्या व्हिस्क्या ४२.८ टक्क्यांच्या असतात, त्यामुळे ४०ची कॅनेडियन पहिल्या घोटाला पाणचट वाटते.

म्हणून आधी तीव्रता सारखी करावी. रिटनहाउस राय ५० टक्क्यांची आहे, कॅनडाची लॉट ४० राय ४३ टक्क्यांची. वीस मिली रिटनहाउसमध्ये तीन मिली पाणी घातलं की ती साधारण साडेत्रेचाळीसवर येते. मोजायला खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं झाकण पुरतं. ग्लास बुडाशी फुगीर, तोंडाशी निमुळता असावा. ग्लेनकेर्न हा खास व्हिस्कीचा ग्लास नसेल तर वाइनचा लहान ग्लास चालतो, सपाट तोंडाचा रॉक ग्लास वासासाठी निकामी. नाक आत खुपसू नका, ओठ किंचित उघडे ठेवून हुंगा, नाहीतर अल्कोहोलच्या झणक्याशिवाय काही कळत नाही. मसाला शेंगदाणे आणि शेव शेवटी. चखणा आधी तोंडात गेला तर पुढची अर्धी संध्याकाळ सगळ्या बाटल्या सारख्याच.

आता ही जोडी. रिटनहाउस केंटकीची, बॉटल्ड इन बाँड, म्हणजे १८९७च्या कायद्यानुसार एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामाची, किमान चार वर्षं मुरलेली आणि ५० टक्क्यांची. तिच्यात राय जेमतेम कायद्यापुरता, म्हणजे ५१ टक्के, आणि उरलेल्यात मका बराच. म्हणून जिभेवर आधी काकवीसारखा गोडवा येतो आणि मागून मिरी. लॉट ४० ओंटारिओतल्या विंडसर गावची, हायरम वॉकरच्या डिस्टिलरीत तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये, म्हणजे हंड्यासारख्या भट्टीत गाळलेली, शंभर टक्के रायची. हिच्या वासात आधी आंबूस काळ्या पावाचा दरवळ, मग लवंग, मग कसलीशी फुलं. घोट गिळल्यावर तोंड कोरडं पडतं आणि मसाला बराच वेळ रेंगाळतो. रिकामे ग्लास तसेच ठेवून सकाळी हुंगले तर फरक आणखी स्पष्ट होतो. रिटनहाउसच्या ग्लासात लाकूड आणि करपलेली साखर, लॉट ४०च्या ग्लासात अजून धान्य. या जोडीत माझं मत कॅनडाला.

आणि इथे कॅनडाची गंमतही सांगायला हवी. तिथल्या कायद्यात 'राय व्हिस्की' आणि 'कॅनेडियन व्हिस्की' ही एकाच मालाची दोन नावं आहेत, त्यामुळे बाटलीवर राय लिहिलेलं असूनही आत बहुतांशी मकाच असू शकतो. त्याच देशात, कॅलगरीत बनणारी अल्बर्टा प्रीमियम नावाची शंभर टक्के रायची व्हिस्की अगदी किरकोळ किमतीत मिळते. अमेरिकेत रायची फॅशन परत आली, तेव्हा व्हर्मांटच्या व्हिसलपिगने नाव कमावलं ते कॅनडातून आणलेल्या दहा वर्षांच्या रायवर. लोक अमेरिकन राय म्हणून कौतुक करत होते, माल कॅनडाचा होता.

मक्याच्या मैदानात मात्र सामना एकतर्फी आहे. क्राउन रॉयल, ४० टक्के, मॅनिटोबातल्या गिमली गावची. जांभळ्या मखमली पिशवीतली ही बाटली १९३९ साली राजा सहावा जॉर्ज आणि राणी एलिझाबेथ कॅनडाच्या दौऱ्यावर आले तेव्हा सीग्रम कंपनीने काढली. हो, रॉयल स्टॅगच्या बाटलीवर आपण वर्षानुवर्षं वाचतो तेच सीग्रम, मूळचं ओंटारिओतल्या वॉटर्लूचं. क्राउन रॉयल मऊ आहे, व्हॅनिला आहे, थोडा सफरचंदाचा वास आहे, आणि घोट संपला की सगळंच संपतं. तिच्यानंतर बफेलो ट्रेस घेतली, ४५ टक्के, की पहिलीची आठवणही राहत नाही: मध, संत्र्याची साल, भाजलेलं लाकूड. म्हणून एकाच बैठकीत दोन्ही चाखायच्या तर कॅनेडियन आधी, बर्बन नंतर. उलट केलंत तर कॅनेडियनवर अन्याय.

पण याच दोघींत बर्फ आणि सोडा ओता. बफेलो ट्रेसमधलं लाकूड सोड्यात कडवट होऊन वर येतं, दुसऱ्या पेगला कंटाळा येतो. क्राउन रॉयल किंवा कॅनेडियन क्लब सोड्यात मोकळी होते, आणि दमट हवेत रात्री जेवणाआधी तीच बरी वाटते. ज्याला झणका नको आहे त्याच्यासाठी मधला मार्ग मेकर्स मार्क. बर्बनच, पण रायऐवजी गहू घातलेली, त्यामुळे गोडसर आणि मवाळ. जॅक डॅनियल्स मेपलच्या कोळशातून गाळून घेतात, म्हणून ती स्वतःला टेनेसी व्हिस्की म्हणवते. केळ्याचा वास आवडत असेल तर घ्या.

एक बाटली या सगळ्या वादाच्या पलीकडची आहे: अल्बर्टा राय डार्क बॅच. ९१ टक्के कॅनडाची राय, ८ टक्के बर्बन आणि १ टक्का शेरी ही वाइन, ४५ टक्क्यांची. ज्या ९.०९च्या नियमाला नावं ठेवतात त्याचाच हा उपयोग, आणि कोकसाठी म्हणून खपवली जात असली तरी नुसतीसुद्धा छान लागते. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी अमेरिकेच्या 'ब्लेंडेड व्हिस्की'चा नियमही वाचावा. तिच्यात खरी स्ट्रेट व्हिस्की फक्त २० टक्के असली तरी चालते, बाकी न्यूट्रल स्पिरिट, म्हणजे चव-वास नसलेलं अल्कोहोल.

मध आणि पीच घातलेल्या फ्लेवर्ड बाटल्या दोन्हीकडे मिळतात. त्यांच्यासाठी दोन लिटरमधली जागा घालवू नये.

मग मागवायचं काय

जिम बीम, जॅक डॅनियल्स आणि मेकर्स मार्क मुंबई-पुण्यात मिळतात. फेब्रुवारी २०२५मध्ये भारताने बर्बनवरची आयात ड्युटी १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणली. कॅनेडियन व्हिस्कीला ती सवलत मिळाली नाही, आणि चांगली कॅनेडियन राय आपल्याकडच्या दुकानात क्वचितच दिसते. त्यामुळे माझा कौल: एक बाटली लॉट ४०, आणि दुसरी अशी बर्बन जी इथे सहज मिळत नाही, म्हणजे फोर रोझेस सिंगल बॅरल किंवा वाइल्ड टर्की १०१.

येणारा टोरंटोचा असेल तर अर्धा निर्णय राजकारणानेच करून ठेवलाय. ट्रम्प यांच्या टॅरिफला उत्तर म्हणून ओंटारिओच्या सरकारी दुकानांनी ४ मार्च २०२५ला अमेरिकन दारू फळ्यांवरून उतरवली. तेव्हा टोरंटोच्या माणसाला बर्बनसाठी पिटाळू नका. लॉट ४० आणि वायझर्स १८ सांगा. न्यू जर्सीवाल्याला दोन्ही देशांचा माल मिळतो, पण लॉट ४० प्रत्येक दुकानात असेलच असं नाही. नसेल तर क्राउन रॉयलची नॉर्दर्न हार्वेस्ट राय सांगा, ४५ टक्क्यांची. नेहमीच्या क्राउन रॉयलपेक्षा ती कितीतरी जास्त बोलते.

दोन्ही बाटल्या कपड्यांत गुंडाळून चेक-इन सामानात टाकायला सांगा, कारण वाटेत विमान बदलताना हातातली ड्युटी फ्रीची पिशवी उघडी निघाली तर सुरक्षा तपासणीत बाटली जाते. आणि कोणी हौसेने कास्क स्ट्रेंथ, म्हणजे पाणी न घालता पिंपातल्या तीव्रतेलाच भरलेली बाटली आणणार असेल तर लेबलावरचा आकडा आधी वाचायला लावा. ७० टक्क्यांपेक्षा तीव्र दारू विमानात न्यायला परवानगी नाही, आणि काही बर्बन त्या आकड्याच्याही पुढे जातात. अल्बर्टा प्रीमियमची कास्क स्ट्रेंथ राय ६५च्या आसपास असते, ती चालते.