बरणीतली हुमणी खरी, पुड्यातली पूड खोटी

गेल्या जुलैत खोडव्याच्या, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात हुमणी, ही मुळं खाणारी अळी, दिसली आणि त्याच आठवड्यात एक गाडीवाला गावात आला. त्याच्याकडे काचेच्या बरणीत मेलेली हुमणी होती, विटकरी रंगाची. मोबाइलला भिंग लावून थेंबभर पाण्यात वळवळणारे कृमीही त्यानं दाखवले. हे सगळं खरं होतं, म्हणून तर फसलो. हेटेरोऱ्हॅबडायटिस जातीचे सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे बारीक कृमी, अळीत शिरतात, त्यांच्या पोटातले जिवाणू तिला एक-दोन दिवसांत मारतात आणि ती अशीच लालसर पडते. बंगळुरूच्या एनबीएआयआर या सरकारी कीटक संशोधन संस्थेनं या कृमींची पावडर काढलेलीही आहे. (सूत्रकृमी म्हटलं की डाळिंबवाल्यांना धडकी भरते. मुळांवर गाठी करणारे ते वेगळे.)

गाडीवाल्याकडून तसल्याच पावडरीचे दोन एकरांसाठी पाच पुडे घेतले, साडेआठ हजार रुपये. पुड्यावर तारीख नव्हती, बिल मागितलं तर "पुढच्या फेरीला देतो." एक पुडा फोडून दाखवा म्हटलं, तर म्हणाला, "भाऊ, हवा लागली की जिवाणू मरतात." इथंच कान टवकारायला हवे होते. एक तर हे जिवाणू नव्हेत, कृमी आहेत, आणि त्यांना जगायला हवाच लागते. त्यात माल दिवसभर पत्र्याच्या गाडीत तापलेला. वर सल्ला काय, तर सकाळी अकराला आळवणी करा, म्हणजे पाण्यात कालवून मुळाशी ओता! ऊन या जिवाला अजिबात सोसत नाही. संध्याकाळी, ओल्या जमिनीत सोडायचं असतं.

सप्टेंबरात ऊस पिवळा पडला. बेट धरून ओढलं तर मुळासकट हातात आलं. मुळं कसली, शेंडे कुरतडलेले. खाली पाच-सहा हुमण्या, पांढऱ्या, गुबगुबीत. गाडीवाल्याचा फोन तेव्हापासून बंद.

चार पुडे शेतात गेले होते, पाचवा गोठ्यात उरला होता. त्यातली चिमूटभर पूड तालुक्याला नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. जिवंत एकही नाही. मेलेले दहा-बारा, सुईसारखे सरळ, बाकी शंखजिऱ्याची (टाल्कची) पूड. जिवंत असते तर अर्ध्या मिलिमीटरचे ते जीव वळवळताना दिसले असते.

ही तपासणी पैसे देण्याआधी, त्याच गाडीपाशी झाली असती. बशीत पाणी, चिमूटभर पूड, अर्धा तास थांबायचं आणि त्याच्याच भिंगातून बघायचं. नाही म्हणाला तर गाडी पुढं जाऊ द्यावी. तो उरलेला पुडा मी अजून जपून ठेवलाय. तुमच्याकडं तसाच कुणी आला असेल तर येऊन ताडून बघा.