सिरॅमिक सांगून वॅक्स लावलं, आणि मला २०,८६० रुपयांचा चुना

आकडा आधीच सांगून टाकतो, नंतर लपवायचा मोह नको. २०,८६० रुपये. गाडीला तीन वर्षांच्या वॉरंटीचं सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंग जपणारा थर, त्याचे १८,५००, वर काचांच्या कोटिंगचे २,००० आणि तेवढ्यावरच अठरा टक्के जीएसटी, मिळून २,३६०. जीएसटी घेतला, बिल दिलं नाही. "व्हॉट्सॲपवर टाकतो सर." मी बावीस वर्षं ऑफिसात लोकांची व्हाउचरं तपासतो. हसून घ्या.

गाडी काळी, पार्किंग उघड्यावर, डोक्यावर शिरीषाचं झाड, झाडावर कावळे, आणि सोसायटीत धुवायला बोअरचं पाणी. काळी गाडी असलेल्यांना डागांचं सांगायला नको. पावसाळ्याआधी काहीतरी करणं भागच होतं. आणि मी काही स्वस्त बघून धावलो नाही. पुण्यात तीन ठिकाणी भाव काढले होते. दोघे पंचवीस हजारांच्या वर, हा १८,५००. म्हटलं, भाडं कमी असेल याचं. ५,००० ॲडव्हान्स यूपीआयने दिले. खातं दुकानाच्या नावाचं नव्हतं, कुण्या बाईंच्या नावाचं होतं. दिसलं होतं मला, हो. तुम्हाला दिसलं तर तिथूनच परत फिरा.

सकाळी अकराला गाडी दिली, साडेतीनला फोन. "सर, गाडी रेडी."

साडेचार तास! कोटिंगच्या आधी क्ले, म्हणजे मऊ मातीसारखा गोळा, फिरवून रंगावर चिकटलेली घाण काढतात, मशीनने पॉलिश करून ओरखडे घालवतात, मग तेलाचा अंश राहू नये म्हणून अल्कोहोलने पुसतात, आणि त्यानंतर कुठे ती एवढीशी बाटली उघडून एकेक भाग करत जातात. मला वाटलं, हाताखाली मुलं जास्त असतील.

आता ते लिहितो जे आठवलं की अजून रात्री कूस बदलतो. मालकाने पाण्याचा मग भरला आणि माझ्यासमोर बॉनेटवर ओतला. थेंब टपोरे उभे राहिले, टपाटप घरंगळले. मी मोबाइल काढून शूटिंग केलं. नव्या कोटिंगला निदान चोवीस तास पाणी लागू द्यायचं नसतं, आठवडाभर गाडी धुवायची नसते. हे मी आदल्याच रात्री वाचलं होतं. आणि तो मग रिकामा होताना मी "वा!" म्हणालो. दाराच्या हँडलमागे, नंबरप्लेटच्या अक्षरांच्या कडांना पांढरी पूड सुकली होती. विचारलं तर मुलगा म्हणाला, "पॉलिशचं कंपाउंड आहे साहेब," आणि फडक्याने टिपून मोकळा. ते वॅक्स होतं. चार-पाचशे रुपयांच्या डब्यातलं, वाळलं की पांढरं पडणारं वॅक्स. चुना लावतात म्हणजे काय, ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि उरलेले १३,५०० रोख मोजले. काचांचे २,३६० तेवढे यूपीआयने.

व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. टोरोंटोच्या मामेभावाने लिहिलं, "थेंब माझ्या वॅक्सवरही असेच उभे राहतात. दर ऑक्टोबरला रस्त्यावर मीठ पडायच्या आत मी स्वतः लावतो. तुझं कोटिंग लावलं कधी आणि पाणी ओतलं कधी?" मी उत्तर दिलं, "तिकडचं वेगळं असतं."

ऑगस्टमध्ये थेंब संपले, बॉनेटवर पाणी चादरीसारखं पसरायला लागलं. वॅक्स दोन-तीन महिने टिकतं. बिचारं तेवढं इमानाने टिकलं. दुकानात गेलो तर म्हणे, सहामाही मेंटेनन्स केलं नाही, वॉरंटी बाद. अहो, तिसरा महिना चालू आहे! कार्डावर ना बॅच नंबर, ना चासी नंबर, नुसतं सोनेरी अक्षरांत '९एच'. ते पेन्सिलीच्या कडकपणाचं माप असतं, ढाल नव्हे.

चौकीत गेलो. दीड तास बाकावर. मग हवालदारांनी बाहेर येऊन गाडीकडे पाहिलं, म्हणाले, "चमकतेय की!" सिव्हिल मॅटर, ग्राहक मंचात जा. साहेब बंदोबस्ताला, उद्या या. उद्या साहेब कोर्टात. परवा विचारलं, रोख दिल्याचा पुरावा? नाही. म्हणजे कागदावर माझी फसवणूक ७,३६० रुपयांचीच. नंतर एका सरकारी कार्यालयात अर्ज घेऊन गेलो, तिथे सांगितलं झेरॉक्स दोन प्रतींत हव्यात. दोन नेल्या तर म्हणे दुकानाचा नोंदणीक्रमांक आणा. तो बिलावर असतो. बिल नाही हीच तर तक्रार आहे माझी! खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "मग आधी बिल घ्यायचं ना." बरोबर आहे बाई. तीन अर्ध्या रजा गेल्या.

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षं. ते आता करतोय. तुम्ही मात्र बाटली सीलबंद बघा, तुमच्यासमोर उघडायला लावा. आणि गाडी त्याच दिवशी देतो म्हणाला तर उठा.

त्या दुकानाच्या पेजवर अजून माझंच बॉनेट झळकतंय. खाली माझेच पाच स्टार होते, मायक्रोफायबरचं फडकं फुकट मिळतं म्हणून तिथेच उभ्याउभ्या दिलेले. काल ते एकवर आणले. फडक्याने दुसऱ्याच धुण्यात रंग सोडला.