दहावीनंतर सोलापुरात: आयटीआय की डिप्लोमा?
लवकर कमवायचं असेल तर आयटीआय. फिटरचा, म्हणजे यंत्रं जोडणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्याचा, कोर्स 2 वर्षांचा, आणि सुरुवातीलाच हातात कानस येते: लोखंडी तुकडा काटकोनात येईपर्यंत घासायचा, व्हर्नियरने मोजायचा. पुढे 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर अप्रेंटिसशिप. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा माग बंद पडला की असाच माणूस लागतो.

पॉलिटेक्निकचा इंजिनिअरिंग डिप्लोमा 3 वर्षांचा. ड्रॉइंग, गणित पक्कं होतं, इंजिनिअरिंग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं; यंत्राशी गाठ मात्र उशिरा पडते. गणिताचा कंटाळा नसेल तर मी डिप्लोमाच सांगेन, फक्त सुट्टीत चिंचोळी एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये हात काळे करावेत. नुसत्या सर्टिफिकेटची इंटर्नशिप नको! आणि आयटीआयवाल्यालाही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, हे घरच्यांना कुणी सांगतच नाही.