घरबसल्या बिल्ले बनवा, माल आम्हीच परत घेतो म्हणणाऱ्यांपासून सांभाळा (बडोद्याचा अनुभव)

गणपती जवळ आलेत आणि बडोद्यात परत त्या जाहिराती फिरायला लागल्यात, काल आमच्या भिशीच्या ग्रुपवर पण एक आली, म्हणून सगळी कामं बाजूला ठेवून हे लिहितेय. जाहिरात अशी असते की घरबसल्या बटण बॅज बनवा, मशीन आम्ही देऊ, कच्चा माल आम्ही देऊ आणि तयार झालेला सगळा माल आम्हीच विकत घेऊ. बटण बॅज म्हणजे ते गोल पत्र्याचे बिल्ले हो, मागे पिन असते, मंडळाचे कार्यकर्ते छातीवर लावतात, शाळेत मॉनिटरला देतात, गरब्यात वॉलंटियरच्या कुर्त्यावर असतात ते. मी आणि माझ्या वहिनीने मिळून ह्यात ४२,००० रुपये भरले आणि त्यातला एक रुपया अजून परत आलेला नाही. पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच, पण ही फसवणूक मशीनच्या आतच कशी बसवलेली होती ते कळल्यावर जो संताप आला तो अजून उतरलेला नाही, आणि ते नीट समजावून सांगावं म्हणूनच एवढं लांबलचक लिहितेय.

धंदा खोटा नाही हे आधी सांगते. बडोद्यात बिल्ल्यांना मागणी खरंच आहे, गणपतीची युवक मंडळं, नवरात्रीतले गरबे, शाळांच्या निवडणुका, युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्सची मुलं तर स्वतःची चित्रं छापून बिल्ले विकतात आणि लोक हौसेने घेतात. त्यामुळेच ही माणसं इथे येतात, जिथे धंदा खरा असतो तिथेच असली योजना खपते.

स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये त्यांनी डेमो ठेवला होता. वहिनीने तिथे जे विचारायला पाहिजे ते सगळं विचारलं, माल नापास झाला तर काय, पार्ट दुसरीकडून घेतले तर चालतील का, बिल कसलं देणार, आणि प्रत्येक प्रश्नाला हसतमुखाने उत्तर मिळालं, ताई तुम्ही काळजीच करू नका. ती सगळी उत्तरं खोटी होती. डेमोला जे मशीन टेबलावर होतं ते जाड लोखंडी बॉडीचं, खाली फिरणारी प्लेट, हँडल दाबलं की लोण्यासारखं खाली जायचं, दोन दाबांत एक बिल्ला, एकदम चकचकीत. घरी खोक्यातून जे निघालं त्याचा रंग तोच होता, स्टिकर तोच होता, पण मशीन वेगळं, हलकं, आणि खालची डाय, म्हणजे ज्यात पार्ट ठेवून दाबतात तो साचा, हाताने इकडून तिकडे सरकवायची. फोन केला तर म्हणे हे नवीन मॉडेल आहे, आतलं सगळं सेम.

आता मशीन काम कसं करतं ते सांगते कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बिल्ल्याला चार गोष्टी लागतात, वरचा पत्र्याचा शेल, छापलेला गोल कागद, त्यावर पारदर्शक प्लास्टिकची चकती जिला सगळे मायलर म्हणतात, आणि पिन असलेली बॅक. खाली दोन डाय असतात. पहिल्या डायमध्ये शेल, त्यावर कागद, त्यावर मायलर ठेवायचं आणि हँडल दाबायचं, ते तिन्ही वरच्या डायमध्ये अडकून वर जातात. मग दुसऱ्या डायमध्ये बॅक ठेवून परत दाबलं की कागद आणि मायलरची कड आत दुमडली जाते आणि शेलची कड बॅकवर घट्ट बसते. म्हणजे सगळा खेळ कडेचा आहे. कागद शेलपेक्षा मोठा कापावाच लागतो, बाजारात जो ५८ एमएमचा बिल्ला मिळतो त्याला साधारण ७० एमएमचा गोल लागतो. गोल लहान झाला तर कड आत जाऊन धरत नाही, मोठा झाला तर डायमध्ये चोंदतो. कागद पण फार जाड चालत नाही, ९० ते १२० जीएसएम (कागदाचं एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) पुष्कळ झाला, त्याच्यावर गेलं की कड दुमडताना जागाच उरत नाही आणि बॅक नीट बसत नाही.

हे सगळं आम्हाला नंतर कळलं, आणि त्यांनी छापून दिलेल्या सूचनांच्या कागदावर नेमकं उलटं होतं. प्रीमियम फिनिशसाठी १७० जीएसएमचा फोटो पेपर वापरा असं त्यात लिहिलं होतं, आणि तो पेपर अर्थातच त्यांच्याकडूनच घ्यायचा.

आम्ही पहिली ऑर्डर दिवसरात्र बसून पूर्ण केली. बिल्ले बनत होते पण काहींची बॅक बोटाने दाबली की सुटायची, काहींवर मायलरला सुरकुती, आणि कागद केसभर सरकला की एका बाजूने पत्रा दिसायचा. शिवाय खालची डाय स्वतःभोवती फिरायची त्यामुळे पिन आडवी बसायला हवी ती तिरकी बसायची, म्हणजे बिल्ला कपड्यावर लावला की त्यावरचा गणपती कललेला. वहिनीने एकेक तपासून चांगले तेवढेच वेगळे काढले आणि पाठवले. ते सगळे नापास. फिनिशिंग नाही, साइज व्हेरिएशन आहे, परत पाठवायचा खर्च तुमचा. दुसरी खेप पण नापास. आणि ॲग्रीमेंटमध्ये एक ओळ होती की गुणवत्तेबाबत कंपनीचा निर्णय अंतिम राहील, ती ओळ आम्ही सही करायच्या आधी वाचली होती आणि विचारली पण होती, तेव्हा उत्तर मिळालं होतं की ते फक्त फॉरमॅलिटी म्हणून असतं, आजपर्यंत कोणाचा माल परत केलेला नाही.

मग वहिनी म्हणाली की जाऊ दे, त्यांना नको तर आपण इथेच विकू, मशीन तर आपलं आहे ना. बाजारातून दुसऱ्या दुकानातले ५८ एमएमचे शेल आणले, तर ते डायमध्ये बसेनातच. आणखी एका दुकानातले आणले, ते पण बसेनात. तेव्हा आमच्या वाड्यातल्या काकांना बोलावलं, त्यांचं आयुष्य मकरपुरा जीआयडीसीच्या, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, टूलरूममध्ये असे साचे आणि हत्यारं बनवण्यात गेलंय. ते वर्निअर (बारीक माप घ्यायची पट्टी) घेऊन आले आणि काहीही न बोलता डाय, शेल, बॅक, मशीनबरोबर आलेला कागदाचे गोल कापायचा कटर सगळं मोजत बसले. डाय ५६ ची निघाली. कंपनीने दिलेले शेल पण ५६ चेच, पिशवीवर मात्र ५८ छापलेलं. म्हणजे ह्या मशीनला जन्मभर माल त्यांच्याकडूनच घ्यायला लागणार, आणि त्यांचा भाव बाजारापेक्षा कितीतरी जास्त. पण खरी गोष्ट पुढे आहे, कटर जो गोल कापत होता तो ६६ चा. काका म्हणाले अगं ह्या शेलला सुद्धा हा दोन एमएमने लहान पडतोय, दोन्ही बाजूंनी एकेक एमएम कमी, मग कड धरणार कशी. म्हणजे आम्ही कितीही जीव ओतला असता तरी त्या कटरने, त्या जाड कागदाने आणि त्या फिरणाऱ्या डायने पास होईल असा माल निघूच शकत नव्हता. नापास करायची सोय त्यांनी खोक्यात भरूनच पाठवली होती.

हे चुकून झालं असेल असं काही जण म्हणाले. मला ते पटत नाही. डेमोला आलेल्या आणखी काही बायकांचे नंबर आमच्याकडे होते, ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांच्याकडे पण तोच कटर, तोच १७० चा पेपर, आणि नापासाच्या चिठ्ठीवर तेच शब्द. त्यातल्या एकीने मुलीच्या फीचे पैसे घातले होते, तिच्याशी फोनवर बोलताना मला काय बोलावं ते सुचेना.

साइजबद्दल जाब विचारला तेव्हा फोनवरचा माणूस म्हणाला, मॅडम ही आमची पेटंट टेक्नॉलॉजी आहे म्हणून साइज वेगळा. हे ऐकून कोणी गप्प बसू नका. कागदावर पारदर्शक चकती ठेवून पत्र्याच्या कडेत दाबून बसवायची आणि आत पिन अडकवायची ही युक्ती अमेरिकेत न्यू जर्सीतल्या न्यूअर्कच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीने १८९६ मध्ये पेटंट केली, तेव्हा मायलर नव्हतं तर सेल्युलॉइड होतं, आणि त्याच वर्षीच्या मॅकिन्ली विरुद्ध ब्रायन ह्या अध्यक्षीय निवडणुकीत असले बिल्ले ढिगाने वाटले गेले. त्या पेटंटची मुदत संपून शंभराहून जास्त वर्षं झाली. आज बिल्ला बनवण्यात कोणाचंच गुपित राहिलेलं नाही, त्यामुळे माल फक्त आमच्याकडूनच घ्या असं कोणी सांगत असेल तर तो तुम्हाला बांधून ठेवायला बघतोय एवढंच समजा.

ज्यांना खरंच हे काम करायचंय त्यांनी माझं ऐकून धंद्याला घाबरू नका, फक्त मशीनच्या आधी पार्ट घ्या. दोन वेगवेगळ्या दुकानांतून, ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही अशा, थोडे थोडे शेल आणि बॅक विकत घ्या आणि ते पिशवीत घालूनच मशीन बघायला जा. दोन्ही दुकानांचे पार्ट ज्या मशीनमध्ये नीट बसतील तेच घ्यायचं, नाहीतर उठून यायचं. पहिल्यांदा घेणाऱ्याने ५८ किंवा ४४ घ्यावं, पार्ट सहज मिळतात. शेलला लोहचुंबक लावून बघा, चांगला शेल टिनचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचा असतो त्याला चुंबक चिकटतं, ॲल्युमिनियमचा असेल तर नाही चिकटणार आणि तो दाबला जातो पण पटकन. जे मशीन घरी न्यायचंय त्याच मशीनवर, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या साध्या १०० जीएसएम कागदावर एकापाठोपाठ एक वीसेक बिल्ले करून बघा, कारण दोनतीन बिल्ले कुठल्याही मशीनवर बरे येतात, डाय ढिली असेल किंवा वरची रिंग अडकत असेल तर ते दहाबारा झाल्यावर कळतं. प्रत्येकाची पिन चित्राला आडवी आहे का ते बघा, बॅक अंगठ्याने जोरात ढकलून बघा. कटरचा गोल पट्टीने मोजा, वर्निअर असेल तर उत्तमच. प्रिंटचं म्हणाल तर लेझर प्रिंट घ्या, इंकजेटची शाई आपल्याकडच्या पावसाळी हवेत पसरते. आणि मशीनवर नंबर असेल तर त्याचा फोटो काढा आणि तोच नंबर बिलावर लिहून घ्या.

बिलाचं तर मला ओरडून सांगायचंय. आमच्या हातात जी पावती आली तिच्यावर मशीन हा शब्दच नव्हता, प्रशिक्षण शुल्क असं लिहिलं होतं, आणि विचारल्यावर टॅक्ससाठी असंच लिहितात म्हणाले. त्यामुळे आता ते म्हणतात की आम्ही मशीन विकलंच नाही, ते तर ट्रेनिंगबरोबर दिलं. बिलावर मशीन, डायचा साइज, कटरचा साइज लिहिलेला पाहिजे म्हणजे पाहिजे. जीएसटी नंबर पंधरा आकडी-अक्षरी असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, गुजरातचे २४, महाराष्ट्राचे २७, तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नाव निघतं, ते नाव पावतीवरच्या नावाशी जुळतं का बघा. आमच्या पावतीवरचा नंबर भलत्याच नावावर निघाला. आणि यूपीआय करताना स्क्रीनवर कंपनीऐवजी कुणा माणसाचं नाव आलं तर तिथेच थांबा.

तक्रार केली तेव्हा त्यांनी अजून एक भीती घातली की तुम्ही धंद्यासाठी मशीन घेतलं म्हणून ग्राहक कोर्टात जाताच येणार नाही. हे साफ खोटं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट लिहिलंय की केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ही व्यापारी कारणासाठी घेतली असं धरत नाहीत, म्हणजे घरी बसून स्वतः बिल्ले करणारी बाई ग्राहकच आहे. कंपनी दुसऱ्या शहरात असली तरी आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि नुकतेच गेले असतील तर वेळ न घालवता १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितकं लवकर तितकी पैसे गोठवायची शक्यता जास्त. पोलिसांत आता भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ कलम लागतं, जे आधी ४२० होतं. आम्ही पोलिसांत अर्ज दिलाय आणि जिल्हा आयोगातली तक्रार वकिलांकडे तयार होतेय, काकांनी मोजलेली सगळी मापं तारखेसकट लिहून सही करून दिली आहेत ती पण जोडतोय.

तुमच्याकडे असंच मशीन आलं असेल तर रागाने भंगारात देऊ नका. नापास झालेले बिल्ले, ५८ छापलेल्या पिशव्या, तो १७० जीएसएमवाला सूचनांचा कागद, कटर, कुरिअरच्या पावत्या, व्हॉट्सॲपचे मेसेज, सगळं जसंच्या तसं ठेवा, डाय आणि कटर कोणाकडून तरी मोजून घेऊन त्याचे फोटो काढून ठेवा. बडोद्यात कोणाला मोजायची सोय नसेल तर मला मेसेज करा, काका मोजून द्यायला तयार आहेत, आणि एकाच मापाचे कटर दहाबारा घरांतून निघाले तर आयोगापुढे ते चुकून झालं असं त्यांना म्हणता येणार नाही.