वाईडबँड मीटर ८ महिने वापरून: ५ स्टार मागे घेतोय, कारण दोन काळ्या वायरी

९५१ म्हणजे पोर्शे ९४४ टर्बोचा टाईप नंबर, आणि वाईडबँड म्हणजे सायलेन्सरच्या पाईपमधल्या सेन्सरवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण नेमक्या आकड्यात दाखवणारा मीटर; हे ज्यांना आधीच माहितीये त्यांच्यासाठीच मुख्यतः लिहितोय. गाडी १९८६ ची पोर्शे ९४४ टर्बो, राहायला डेन्व्हरजवळ, म्हणजे १६०० मीटर उंचीवर, पंपावर प्रीमियम म्हणून ९१ ऑक्टेन मिळतं. गाडीच्या कॉम्प्युटरची चिप बदललेली, ३ बारचा फ्युएल रेग्युलेटर (पेट्रोलचा दाब ठरवणारा), आणि एअरफ्लो मीटरचा (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) सिग्नल मध्येच पकडून लॅपटॉपवरून कमीजास्त करणारा एक डबा. बाकी सगळं फॅक्टरीचं. मीटर मार्चमध्ये बसवला आणि तिसऱ्याच दिवशी उत्साहात ५ स्टार देऊन मोकळा झालो, ती चूक आता निस्तरतोय.

घ्यायचं कारण साधं होतं. कंपनीचा ओटू (ऑक्सिजन) सेन्सर १४.७ च्या, म्हणजे एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवेच्या, अलीकडे की पलीकडे एवढंच सांगतो, आणि पूर्ण पाय दाबला की गाडीचा कॉम्प्युटर त्याच्याकडे बघतही नाही, चिपमध्ये लिहिलंय तेवढं पेट्रोल सोडतो. त्यात मी रेग्युलेटर २.५ चा ३ केलेला, दाबाच्या वर्गमुळाच्या हिशोबाने साडेनऊ टक्के पेट्रोल सरसकट जास्त. बूस्टमध्ये (टर्बो हवा दाबून भरत असताना) लीन गेलं, म्हणजे पेट्रोल कमी पडून आकडा वर गेला, तर पिस्टनला भोक पडायची भीती, रिच गेलं, म्हणजे पेट्रोल जास्त होऊन आकडा खाली आला, तर पैशाचा धूर. आंधळेपणाने किती दिवस चालवणार.

तर मीटरची वायर लॅपटॉपला जोडली आणि हायवेच्या रॅम्पवर तिसऱ्या गिअरमध्ये लॉग (नोंदी) घ्यायला सुरुवात केली. ४५०० आरपीएमला लॅपटॉप म्हणतो १२.२. मला ११.६ च्या आसपास पाहिजे होतं, म्हणून पेट्रोल वाढवत गेलो. डॅशवरचा गोल मीटर तेव्हा ११.५ दाखवत होता हे नंतर लक्षात आलं, पण रॅम्पवर नजर रस्त्यावर ठेवायची की मीटरवर? आणि खरं सांगायचं तर लॅपटॉपवर ग्राफ येतो म्हणून त्याच्यावर जास्त विश्वास. दोन महिन्यांत अ‍ॅव्हरेज खड्ड्यात, सायलेन्सरचं टोक काळंकुट्ट, आणि बायको म्हणाली तुझ्या शर्टाला रॉकेलच्या स्टोव्हचा वास येतो. मी म्हटलं क्लासिक गाड्यांना येतोच. मधेच पहिला सेन्सर गेला तो वेगळाच, पण ते पाप माझं, इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवून सेन्सर तापत ठेवायचा नसतो आणि मी गाणी ऐकत बसायचो.

ऑगस्टमध्ये डायनोवर, म्हणजे चाकावरची ताकद मोजणाऱ्या मशीनवर गेलो. ड्रमवर चढवून पट्टे आवळले, चौथ्या गिअरमध्ये पुल, म्हणजे पूर्ण पाय दाबून एक फेरी. डायनोवाल्याने सायलेन्सरच्या टोकात स्वतःचा प्रोब खुपसलेला, तो दाखवतो १०.७. माझा गोल मीटर १०.८. लॅपटॉप ११.५. तीन पुलचे १५० डॉलर, त्यातले पहिले दोन खोटं कोण बोलतंय हे शोधण्यातच गेले. तिसऱ्याला चाकावर १७१ हॉर्सपॉवर आणि मागे काळा धूर. २१७ ची गाडी, ती सुद्धा क्रँकवरची, म्हणजे चाकापर्यंत पोचताना थोडी गळायच्या आधीची, उंचीवर थोडी कमी देणार हे मान्य, पण चिप टाकून १७१?

घरी येऊन मीटरच्या कंपनीला भलामोठा मेल टाकला. नऊ दिवसांनी दीड ओळीचं उत्तर, अर्थिंग तपासा. असला संताप आला की १ स्टारचा रिव्ह्यू टाईप करून ठेवला होता. पाठवला नाही म्हणून अब्रू राहिली.

कारण शनिवारी मल्टिमीटर घेऊन बसलो. इंजिन चालू, हेडलाईट चालू, एक पाय बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा मीटरच्या काळ्या वायरीला: ०.३५ व्होल्ट. तिथे शून्य पाहिजे. मी अर्थिंग डॅशमागे स्टिरिओच्या वायरीला दिलं होतं, सेन्सरचा हीटर तिथून करंट ओढतो, जुनी बारीक वायर, म्हणून तिथला 'शून्य' वर उचललेला. लॅपटॉपच्या लॉगरचं अर्थिंग मात्र इंजिन ब्लॉकवर, चोख. या मीटरचा सिग्नल ० व्होल्टला १० आणि ५ व्होल्टला २०, म्हणजे १ व्होल्टला २ पॉइंट. ०.३५ चे झाले ०.७. नेमका तोच फरक!

आता कुणी म्हणेल चूक तुझी. अर्धी माझी. उरलेल्या अर्ध्याचं ऐका. किटमध्ये दोन काळ्या वायरी येतात, एकाच जाडीच्या, एकाच छटेच्या. एक हीटरच्या करंटची, दुसरी सिग्नलची, आणि ही दुसरी लॉगरच्याच अर्थिंगला द्यायची असते. हे पान ११ वर नखाएवढ्या चित्रात लिहिलंय. दोन्ही काळ्या, दोन्ही निगेटिव्ह, माणूस एकत्र पिळून टेप मारणारच ना? दुसरी तपकिरी केली असती तर कंपनीचं दिवाळं निघालं असतं का? आमच्या कोल्हापुरात घराचं फिटिंग करणारा वायरमनसुद्धा अर्थिंगला हिरवी वायर ओढतो, ती का हिरवी हे त्याला विचारावं लागत नाही. दोनशे डॉलरच्या वस्तूत रंगाचे चार आणे वाचवले आणि माझे डायनोचे दीडशे घालवले.

वायरी वेगळ्या केल्या, वाढवलेलं पेट्रोल काढलं, ऑक्टोबरमध्ये परत डायनो, परत दीडशे. यावेळी तिन्हीकडे ११.६ ते ११.७. चाकावर १८९. वेस्टगेटला (टर्बोचा दाब आवरणारा व्हॉल्व्ह), बूस्टला हातही लावलेला नाही, नुसतं फुकट जाणारं पेट्रोल थांबवलं. कागदावर २२७ छापून आलं, पण ते मी कुणाला सांगत नाही. डेन्व्हरला एसएई करेक्शन (उंची-हवामानाचा फरक काढायचा ठरलेला हिशोब) साधारण १.२ ने गुणतं, पातळ हवेत बिनटर्बोच्या साध्या इंजिनाची ताकद जाते ती भरून द्यायला. टर्बो ती हवा बरीचशी स्वतःच भरून काढतो, ९५१ च्या डॅशवरचं बूस्ट मीटर तर अ‍ॅब्सोल्यूट बारमध्येच, म्हणजे बाहेरच्या हवेच्या वरचा नाही तर एकूण दाब दाखवतं. मग परत १.२ ने गुणून कुणाला फसवायचं? मंडळी तोच आकडा मिरवतात, मिरवू देत.

बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, प्लग काढून बघितलास का? बुलेटचा कार्बोरेटरचा स्क्रू दीड आटा सोडायचा आणि प्लग चॉकलेटी आला की झालं, यावर त्यांची अख्खी हयात गेली. काढून बघितले. तीन चॉकलेटी, चौथा अजून जरा काळपट. मीटर चारही सिलिंडरची सरासरी दाखवतो, कुठला एकटा रिच आहे हे त्याला कळत नाही. म्हणजे आता इंजेक्टर साफ करायला पाठवणं आलं.

मार्क म्हणाल तर साडेतीन. डिस्प्ले उन्हात दिसतो, रिडिंग डायनोच्या प्रोबशी जुळतं, महत्त्वाचं ते काम चोख. एक स्टार काळ्या वायरीसाठी कापलाय, अर्धा त्या नऊ दिवसांच्या मेलसाठी. आयडलला, म्हणजे गाडी जागेवर नुसती चालू असताना, अजून १५ च्या वर दाखवतो, पण टर्बोकडे जाणाऱ्या पाईपच्या सांध्याला काजळी दिसतेय, तिथून हवा आत खेचत असणार. गॅस्केट मागवलंय, ते बदलेपर्यंत मीटरबद्दल काही बोलत नाही.