सेंट पॉल्स, बेळगाव: १८५६ पासूनची शाळा, माझ्याकडनं ५ स्टार

कॅम्पातली ही शाळा १८५६ ची, म्हणजे सत्तावन्नच्या उठावाच्याही एक वर्ष आधीची, जेझुइट फादर लोकांची. इंग्रजी पक्कं होतं हे तर सगळेच सांगतात, पण मला खरं भारी वाटतं ते ग्राउंड. इथं फुटबॉल म्हणजे नुसता पीटीचा तास नाही हो, फादर एडींच्या आठवणीत शाळाशाळांची टुर्नामेंट होते, जुनी पोरं ती भरवतात, एवढा जीव कोण लावतं शाळेला सांगा. आणि घरात मराठी, शेजारी कन्नड, वर्गात इंग्रजी अशी पोरं एकाच बाकावर बसतात, हे बेळगावात फार मोलाचं आहे. ॲडमिशनला जाणाऱ्यांनी फी विचारायच्या आधी संध्याकाळी ग्राउंडवर एक चक्कर माराच.